हा नाद लागला कधी? पार्किन्सन्सच्या गोळ्या आणि जुगाराचं एक प्रकरण

ही केस लिहायला माझे रुग्ण, ज्यांना मी काका म्हणते, आणि त्यांच्या पत्नी म्हणजे काकू, दोघांनीही परवानगी दिलीय. ओळख पटेल असे तपशील बदललेत किंवा सरळ गाळलेत, पण घटनांचा क्रम आणि गोळ्यांचे आकडे होते तसेच ठेवलेत, कारण सगळं प्रकरण त्या क्रमावरच उभं आहे आणि तोच क्रम मला सुरुवातीला दिसला नव्हता.

सुरुवात मुलीच्या फोनने झाली. "बाबा फोनवर जुगार खेळतायत, अकरा महिने झाले, आणि आम्हाला आत्ता कळतंय." आवाजात रडू नव्हतं, राग होता. दुसऱ्या आठवड्यात ती दोघांना घेऊन आली, हातात बँकेच्या स्टेटमेंटचे प्रिंटआउट, त्यावर पिवळ्या मार्करच्या रेघा. काकांचं वय ५७. तांत्रिक रेखाचित्रं शिकवायचे, वयाच्या ५४ व्या वर्षी उजवा हात थरथरायला लागला, पार्किन्सन्सचं निदान झालं आणि वर्षभरात शिकवणं सोडावं लागलं. आयुष्यात कधी पैसे लावून पत्तेसुद्धा खेळले नव्हते. घरात त्यांची ख्याती म्हणजे विजेच्या बिलाच्या पावत्यासुद्धा वीस वर्षं जपून ठेवणारा माणूस. आणि आता निवृत्तीसाठी साठवलेल्यातलं जवळजवळ निम्मं गेलेलं, वर तीन ठिकाणचं कर्ज, त्यातलं एक काकूंची खोटी सही करून घेतलेलं.

काका मान खाली घालून बसले होते. चेहऱ्यावर काही हलत नव्हतं, म्हणजे पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू आखडतात आणि माणूस निर्विकार दिसतो हे मला माहीत होतं, पण मुलीला ते त्या क्षणी वेगळंच दिसत होतं. ती मला म्हणाली, "बघा ना, काही वाटतंय का यांना?"

मी रीतसर तपासणी केली. जुगाराचं नुकसान मोजायला पीजीएसआय नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, कॅनडात २००१ मध्ये तयार झालेली, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७, आणि ८ किंवा त्याच्या वर गेलं की प्रश्न गंभीर समजायचा. काकांचे १९ आले. मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक म्हणजे डीएसएम-५, त्यातले जुगार विकाराचे नऊ निकष लावले तर सात बसत होते (बारा महिन्यांत चार पुरेसे असतात): हरलेलं भरून काढायला पुन्हा खेळणं, खोटं बोलणं, थांबायचे प्रयत्न फसणं, पैशांसाठी दुसऱ्यांवर विसंबणं, बाकीचेही तसेच. इथे थोडं मागचं सांगते, कारण पुढे लागणार आहे. १९८० साली डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत जुगार पहिल्यांदा आजार म्हणून आला, पण तेव्हा तो आवेग न आवरण्याच्या विकारांत टाकला होता, आग लावणं, चोरी करणं यांच्या शेजारी. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये त्याला उचलून दारू, अफू, तंबाखूच्या व्यसनांबरोबर बसवलं. ना काही प्यायचं, ना ओढायचं, तरी व्यसन. वर्तनाचं व्यसन म्हणतात ते हेच, आणि जुगाराचा पुरावा इतका भक्कम होता की त्या यादीत पहिली जागा त्याला मिळाली.

तर माझ्यासमोर चित्र तयार होतं. नोकरी गेली, हात गेला, माणूस आतून खचला, रात्री झोप नाही, हातात फोन, त्या खेळात दोन घटका सगळं विसरायला होतं. ब्लाझ्किन्स्की आणि नाउअर या दोघांनी २००२ मध्ये जुगारी माणसांचे तीन मार्ग मांडले होते, त्यातला दुसरा मार्ग म्हणजे मनाने आधीच दुखावलेला माणूस जो दुःखापासून पळायला खेळतो, आणि काका त्यात अगदी चपखल बसले. इतके चपखल की मी पुढे शोधणं थांबवलं. फाईलवर पार्किन्सन्स लिहिलेलं होतं, गोळ्यांची नावंही होती. मी ती वाचली आणि पान उलटलं. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्यात पाच आठवडे गेले आणि त्या पाच आठवड्यांत अजून पैसे गेले.

पाच आठवडे आम्ही विचार आणि वर्तनावर काम करणारी थेरपी केली, सीबीटी. जुगारासाठी ती चांगली चालते, त्यावर नीट चाचण्या झाल्यात, म्हणून मी विश्वासाने केली. संभाव्यता, योगायोग, यंत्राला आठवण नसते, मागच्या फेरीचा पुढच्या फेरीशी संबंध नसतो, हे सगळं. पण काकांना हे शिकवायची गरजच नव्हती. मी माँटे कार्लोच्या जुगारघराचा किस्सा काढला, १८ ऑगस्ट १९१३ ला रुलेटवर सलग २६ वेळा काळा आकडा आला आणि लोक आता तरी लाल येणार म्हणून पैसे ओतत राहिले, तो. तर काकांनी मला मध्येच थांबवलं आणि कागद ओढून, थरथरत्या हाताने, प्रत्येक फेरीची शक्यता तेवढीच कशी राहते ते मला मांडून दाखवलं. बरोबर मांडलं. आणि त्याच रात्री चार वाजेपर्यंत खेळले.

पुढच्या भेटीत मी विचारलं, काका, एवढं स्पष्ट कळतंय तर हरल्यावर थांबावंसं का वाटत नाही? ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "कळतंय हो सगळं. पण हरलो ना, की काहीच होत नाही मला. जिंकलं की काहीतरी होतं. हरल्याचं लागतच नाही." मी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि त्याचा अर्थ लावला की नैराश्यामुळे भावना बोथट झाल्यात. वाक्य बरोबर होतं, अर्थ मी चुकीचा लावला.

सहाव्या भेटीला काकू एकट्या आल्या. त्यांना झोपेबद्दल बोलायचं होतं. पिशवीतून एक वही काढली, साधी, पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेले. त्यात पार्किन्सन्सच्या पहिल्या दिवसापासूनच्या गोळ्यांची नोंद होती: वेळ, गोळी, किती मिलिग्रॅम, झोप किती. सुरुवातीची पानं काकांच्या हातची. रेखाचित्रं शिकवणाऱ्या माणसाचं अक्षर, छापल्यासारखं, प्रत्येक अक्षर सारख्या उंचीचं. मग पानं उलटत गेलं की तेच अक्षर बारीक व्हायला लागतं, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढं. पार्किन्सन्समध्ये होतं तसं. एका पानावर मधूनच अक्षर बदलतं, मोठं, गोल, शाळेत शिकलेलं. "इथून मी लिहायला लागले," काकू म्हणाल्या. जिथे जिथे डोस बदलला तिथे त्यांनी तारखेभोवती लाल पेनाने गोल केलेला.

मला झोपेचे तास बघायचे होते. पण मुलीने दिलेलं स्टेटमेंट फाईलमध्ये वरच होतं, पिवळ्या रेघांचं, आणि ते वहीच्या शेजारी टेबलावर पडलेलं होतं. एक लाल गोल. प्रॅमिपेक्सोल नावाची गोळी दिवसाला १.५ मिलिग्रॅमवरून ३ मिलिग्रॅम. त्यानंतर सहा आठवड्यांनी पहिली पिवळी रेघ, पहिला डिपॉझिट, अगदी किरकोळ. मग पाच महिने अधूनमधून, रात्रीच्या रात्री. दुसरा लाल गोल, ३ वरून ४.५, म्हणजे या औषधाचा दिवसाचा कमाल डोस. आणि त्याच महिन्यापासून पिवळ्या रेघा एकमेकींना चिकटलेल्या, दिवसाला आठ, दहा, चौदा.

नोकरी सुटली होती त्याच्या कितीतरी आधी. नैराश्य, हात, रिकामा वेळ, हे सगळं दीड-दोन वर्षं होतंच आणि त्या दीड-दोन वर्षांत एक पैसा लावलेला नव्हता. मी पाच आठवडे त्यांना का खेळता, का थांबत नाही हे विचारत बसले होते. कधीपासून हा प्रश्न नीट विचारलाच नाही, आणि उत्तर तर स्वयंपाकघरातल्या कपाटावर ठेवलेल्या वहीत लिहिलेलं होतं.

मग मी काकूंना विचारलं, जुगार सोडून अजून काही बदललंय का यांच्यात, या मधल्या काळात? आधी त्या नाही म्हणाल्या. मग सांगायला लागल्या. रात्री कपाटातून कंपासपेटी काढतात, सगळे भाग टेबलावर मांडतात, परत पेटीत घालतात, परत मांडतात, दोन-दोन तास. घरातली बंद पडलेली घड्याळं खोलून ठेवलीत, एकही परत जोडलेलं नाही. गोड कधी खायचे नाहीत ते रात्री उठून डबा संपवतात. मग गप्प झाल्या, खिडकीकडे बघत राहिल्या. मी घाई केली नाही. "अजून एक आहे," त्या म्हणाल्या, "पण ते कसं सांगू. यांना सारखं जवळ यायचं असतं. नको म्हटलं की चिडतात. असे नव्हते हो हे. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय." एवढं बोलायला त्यांना वर्ष लागलं होतं, आणि डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी जात असूनही कोणी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं विचारलं.

आता हे काय होतं ते सांगते, जमेल तितकं साध्या भाषेत.

पार्किन्सन्समध्ये डोपामिन नावाचं, पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी मरतात, पण सगळीकडे सारख्या नाही. हालचाल सांभाळणारा जो वरचा भाग आहे तिथे डोपामिन आधी आणि जास्त आटतं, आणि बक्षीस, ओढ, हवंहवंसं वाटणं सांभाळणारा जो खालचा भाग आहे तो सुरुवातीच्या वर्षांत बराचसा शाबूत असतो. गोळी तर दोन्हीकडे सारखीच पोचते. हाताला पुरेल एवढा डोस दिला की शाबूत असलेल्या भागाला तो जास्त होतो. एका शेतात पाणी पुरत नाही म्हणून पाट सोडला आणि शेजारचं वाफसा असलेलं शेत चिबडलं, तसं. त्यात प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल या जातीच्या गोळ्या डोपामिनची नक्कल करतात आणि डी-३ नावाच्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे डोपामिन पकडणाऱ्या पेशीवरच्या जागांवर, त्या विशेष जोराने बसतात ते नेमके त्या खालच्या, ओढीच्या भागात दाट असतात.

आणि काकांचं ते वाक्य, हरल्याचं लागतच नाही. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलं होतं की डोपामिनच्या पेशी नुसत्या सुखाला प्रतिसाद देत नाहीत, त्या अपेक्षा आणि प्रत्यक्ष यातला फरक सांगतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की उसळी, अपेक्षा होती आणि मिळालं नाही की क्षणभर खड्डा. तो खड्डा म्हणजे मेंदूला मिळणारी समज, की बाबा हे परत करू नको. आता रक्तात चोवीस तास डोपामिनची नक्कल फिरत असेल तर खड्डा पडणार कसा? उसळी येते, खड्डा बुजून जातो. मायकल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हेच पार्किन्सन्सच्या रुग्णांवर तपासलं. पडद्यावर अनोळखी जपानी अक्षरांच्या जोड्या, एक अक्षर निवडलं की बहुतेक वेळा बरोबर, दुसरं निवडलं की बहुतेक वेळा चूक, अनुभवाने शिकायचं. औषध न घेतलेले रुग्ण काय टाळायचं ते चांगलं शिकले. औषध घेतलेले रुग्ण काय निवडायचं ते चांगलं शिकले आणि टाळायचं शिकण्यात मागे पडले. माझ्यासमोर बसलेला माणूस मला तो प्रयोग स्वतःच्या शब्दांत सांगत होता आणि मी त्याला संभाव्यता शिकवत होते.

हे काही दुर्मिळ कुतूहल नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अकरा रुग्णांचा अहवाल छापला, सगळे पार्किन्सन्सचे, सगळे या जातीच्या औषधांवर, त्यातले नऊ प्रॅमिपेक्सोलवर, आणि औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर जुगारात अडकलेले. मग २०१० मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ३०९० रुग्णांचा मोठा अभ्यास आला. त्यात जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वर्तन यांपैकी निदान एक ताब्याबाहेर गेलेले रुग्ण १३.६ टक्के होते, नुसत्या जुगाराचे ५ टक्के. या नक्कल करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांमध्ये १७.१ टक्के, नसलेल्यांमध्ये ६.९. धोका कोणाला जास्त? वय कमी असलेल्यांना, सिगारेट ओढणाऱ्यांना, घरात कोणाला जुगाराचा त्रास असलेल्यांना, अविवाहितांना. काका यातल्या फक्त पहिल्यात बसत होते, आणि तेवढं पुरलं.

पण नुसती गोळी म्हणून हात झटकणं मला पटत नाही. गोळीने ओढ वाढवली, तिला दिशा खेळाने दिली. काकांनी मला एकदा फोनवरचा तो खेळ दाखवला होता, पैसे न लावता, नुसतं कसं दिसतं ते. पाच चक्र फिरतात. चार चक्रांवर तेच चिन्ह येऊन थांबलं, पाचवं हळू हळू फिरत फिरत एक घर पुढे जाऊन थांबलं. काका माझ्या खोलीत, पैसे नसताना, खुर्चीत पुढे सरकले. हुकलेल्या जिंकण्यावर ल्यूक क्लार्क यांच्या गटाने २००९ मध्ये मेंदूची छायाचित्रं घेतली होती. लोक सांगतात की असं हुकलं की वाईट वाटतं, पण मेंदूतले जिंकल्यावर उजळणारे भाग तेव्हाही उजळतात आणि पुन्हा खेळायची इच्छा वाढते. दुसरी गोष्ट अजून वाईट. एकाच फेरीत चिन्हांच्या वीस ओळींवर मिळून जेवढं लावलं त्यापेक्षा कमी परत मिळालं तरी दिवे लागतात, संगीत वाजतं, आकडा नाचतो. म्हणजे हरला आहात, पण यंत्र अभिनंदन करतंय. कॅनडातल्या डिक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्वचेवरच्या घामाची मोजणी करून दाखवलं की शरीर या हरण्याला जिंकल्यासारखाच प्रतिसाद देतं. ज्या माणसाच्या मेंदूत हरल्याचा खड्डाच पडत नाही त्याच्या हातात, हरणं जिंकण्यासारखं सजवणारा खेळ, रात्री तीन वाजता, उशाखाली. हे कोणाच्याही चारित्र्याच्या ताकदीबाहेरचं आहे असं माझं स्वच्छ मत आहे.

मी त्याच दिवशी काकांच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन केला, संध्याकाळी पत्र लिहिलं, वहीच्या चार पानांचे आणि स्टेटमेंटचे फोटो जोडले. त्यांनी ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्यांच्या खोलीत काकांनी जे केलं त्याची मला अपेक्षा नव्हती. ते औषध कमी करायला नको म्हणाले. जोरात म्हणाले. या गोळीने माझा हात थांबलाय, मला उत्साह वाटतो, परत मला त्या अंधारात ढकलू नका. हा विरोध समजून घ्यायला हवा. त्यात जुगाराची ओढ होतीच, पण नुसती तीच नव्हती. त्यांना खरंच बरं वाटत होतं आणि ज्याचा हात तीन वर्षं ताब्यात नाही त्याला साडेचार मिलिग्रॅममध्ये तो परत मिळत असेल तर सोडवणार नाही, कोणालाच.

एकदम बंद तर करायचंच नव्हतं. हे मला ठासून सांगायचंय, कारण ही गोष्ट वाचून कोणी घरच्या माणसाच्या गोळ्या कपाटात लपवेल अशी भीती वाटते. असं करू नका. पार्किन्सन्सची औषधं अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. शिवाय या विशिष्ट गोळ्या उतरवतानाही काहींना दारू सुटताना होतो तसा त्रास होतो, घाबरं होणं, घाम, निराशा, गोळीची तीव्र आस, आणि पार्किन्सन्सचं मुख्य औषध लेव्होडोपा वाढवूनही तो जात नाही. २०१० च्या एका अभ्यासात गोळी उतरवलेल्या २६ जणांपैकी पाच जणांना हा त्रास झाला आणि त्या पाचही जणांना आधीपासून जुगारासारखा एखादा नाद लागलेला होता. म्हणजे ज्यांना गोळी सोडायची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच सोडणं सगळ्यात कठीण.

न्यूरॉलॉजिस्टनी दहा आठवड्यांत पायरीपायरीने उतरवायचं ठरवलं, लेव्होडोपा वाढवत. त्या दहा आठवड्यांसाठी कुंपण घालायचं काम आमचं. पैशांचे सगळे व्यवहार काकूंकडे, काकांच्या खात्यात आठवड्याला ठरावीक रक्कम, कार्डावर जुगाराचे व्यवहार बंद करायची सोय बँकेत होती ती लावून घेतली, खेळाच्या खात्यांवर स्वतःला बंदी घालून घ्यायचे अर्ज काकांनी स्वतः भरले, रात्री फोन दुसऱ्या खोलीत. हे सगळं मुलीने एका दुपारी बसून केलं, काकांशी एक शब्द न बोलता.

तिसऱ्या आठवड्यापासून त्रास सुरू झाला. काका घामेघूम होऊन उठायचे, छातीत धडधडायचं, एकदा काकूंकडे फोनसाठी हात जोडले. सहाव्या आठवड्यात काकूंच्या पर्समधून कार्ड काढलं, पण व्यवहार झाला नाही, मग ते स्वतःच मला सांगायला आले. मी त्या दिवशी त्यांना खूप वेळ दिला. आत्महत्येबद्दल थेट विचारलं, दर भेटीत विचारत होते, कारण जुगारात बुडालेल्या माणसाला तो धोका खरा असतो. स्वीडनच्या नोंदींवरच्या २०१८ च्या अभ्यासात जुगार विकाराचं निदान झालेल्यांमध्ये आत्महत्येने मृत्यूचं प्रमाण इतरांच्या पंधरा पट होतं. काका म्हणाले, विचार येतो, पण काकूंच्या अंगावर एवढं कर्ज टाकून जायची लाज वाटते. आम्ही त्यावर लेखी योजना केली, कोणाला फोन करायचा, घरातली औषधं कोणाकडे, रात्री कोण जागं.

नवव्या आठवड्यात एक साधी गोष्ट झाली. भेटीत काका म्हणाले, काल जुनं स्टेटमेंट बघितलं. आणि रडले. निर्विकार चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, चेहरा हलत नव्हता, नुसतं पाणी. "आता लागतंय," म्हणाले. मला आनंद व्हावा की त्यांच्यासाठी वाईट वाटावं हे कळेना, दोन्ही झालं.

थेरपी मी सोडली नव्हती आणि सोडायला नको होती. लंडनमध्ये २०१३ ला पार्किन्सन्समधल्या याच त्रासासाठी सीबीटीची चाचणी झाली होती, ४५ रुग्णांवर, आणि थेरपी मिळालेल्यांना जास्त फरक पडला होता. माझी चूक गोळी उतरवण्याऐवजी नुसती थेरपी करण्याची होती, गोळी उतरवण्याबरोबर ती कामाला आली. आता तीच संभाव्यता, तोच माँटे कार्लो, पण काका त्यावर थांबू शकत होते.

निदानाबद्दल एक. डीएसएम-५ मध्येच लिहिलंय की डोपामिनच्या औषधांवर असलेल्या माणसाला जुगाराची ओढ लागली आणि औषध कमी केल्यावर ती गेली, तर जुगार विकाराचं निदान लावू नये. म्हणजे काकांच्या फाईलवर मी पहिल्या दिवशी लिहिलेलं निदान आता लागू नाही. मी ते खोडून तारीख टाकली. काकांनी ते पान बघितलं आणि विचारलं, "मग तो मी नव्हतोच का?"

हा प्रश्न मला सोपा करून सांगता येत नाही. खोटी सही गोळीने केलेली नाही, हाताने केली, आणि तेव्हा त्यांना खोटं बोलतोय हे कळत होतं. पण ती ओढ त्यांची नव्हती, तिचं मूळ वहीतल्या दोन लाल गोलांत होतं. मी त्यांना म्हटलं, काका, तुम्ही होतात, पण तुमच्याकडचा ब्रेक काढून घेतला होता. ते म्हणाले, "ब्रेक नसलेली गाडी चालवणाऱ्याला शिक्षा होतेच." मी म्हटलं, ब्रेक काढलाय हे त्याला कोणी सांगितलं असतं तर. यावर आम्ही दोघं अजूनही पूर्ण एकमताचे नाही.

मुलीने वेगळ्याच टोकाने विचारलं. "म्हणजे औषधाने झालं म्हणून माफ. आणि औषध न घेणारा कोणी असाच बुडाला असता तर त्याला दोषी म्हणायचं?" मला तिचं हे बोलणं मनापासून आवडलं, कारण नेमकी हीच गोष्ट काकांच्या केसने मला शिकवली. काकांच्या मेंदूत जे गोळीने झालं तेच डोपामिनचे रस्ते बाकीच्यांच्या मेंदूतही आहेत, तेच हुकलेलं जिंकणं तिथेही उजळतं, फक्त तिथे लाल गोल करायला तारीख नसते. तारीख नाही म्हणून आपण चारित्र्याला धरतो. माझ्याकडे येणाऱ्या बाकीच्या जुगारी रुग्णांशी मी आता वेगळं बोलते, म्हणजे शब्द तेच असतात पण आधी जो एक कडकपणा होता, कळत असून का करता असा, तो गेला.

पहिल्या भेटीच्या कागदात मी तीन प्रश्न घातलेत: कुठली औषधं, कधी सुरू झाली, डोस कधी बदलला. आणि उत्तर रुग्णाबरोबर घरातल्या माणसालाही वेगळं विचारते. पार्किन्सन्सच नाही, पाय अस्वस्थ होऊन झोप न येणाऱ्यांना याच गोळ्या कमी डोसमध्ये देतात, आणि ॲरिपिप्राझोल हे मानसिक आजारांवरचं औषध, त्याबद्दलही अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१६ मध्ये अशाच ओढींचा इशारा दिला होता.

आज आठ महिने झालेत. प्रॅमिपेक्सोल बंद आहे, शेवटची पिवळी रेघ त्याच्या आधीची. कंपासपेटी कपाटात आहे, घड्याळं तशीच खोललेली. उजवा हात पुन्हा थरथरतो, कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. काकू म्हणतात चालेल, काका म्हणतात चालवून घेतोय. कर्जाचे अजून चौदा हप्ते आहेत. मुलगी महिन्यातून एकदा येते, आईशी बोलते, बाबांच्या गोळ्यांची वही तपासते, सही करते आणि जाते.